अगं, चालेल की ती!

सगळ्यात आधी फोनमधलं ते 'बाळाचा अकरावा महिना' सांगणारं ॲप काढून टाक बघू. काढलंस? आता चहा ओत, गरम आहे तोवर पी आणि मग पुढचं वाच.

जावेच्या मुलानं दहाव्या महिन्यात पाऊल टाकलं आणि तुझी लेक अजून पलंगाची कड धरून उभी राहते, धपकन बसते, परत उभी राहते. एवढंच झालंय ना? त्यात सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडची सगळी पोरं वर्षाच्या आत चालली. अगं, माझ्याही सासूबाई हेच म्हणायच्या. त्यांच्या आठवणीतली मुलं वर्षाच्या आत चालतात, वाटीतलं सगळं संपवतात आणि रात्री कधी रडतच नाहीत. वीस-पंचवीस वर्षांनी तूही सुनेला हेच सांगशील, लिहून ठेव.

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या निरोगी मुलांची वाढ बघून २००६ साली एक तक्ता काढला. आपली दिल्लीही त्यात होती. त्या तक्त्यात कुणी आठ महिने पुरे झाल्यावर एकटं चालायला लागलंय, तर कुणी साडेसतरा महिन्यांचं झाल्यावर. आणि दोघंही ठणठणीत. आधाराशिवाय बसणं कुणाला चौथ्या महिन्यात जमलं, कुणाला नऊ महिने पुरे झाल्यावर. शंभरातली चारेक मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ उभी राहिली. मग तुझी लेक कुठं उशीर करतेय? कड धरून तिची ती दिवसभराची उठबस चाललीय ना, तोच तिचा चालण्याचा अभ्यास आहे. तिला जमिनीवर सोड, अनवाणी सोड आणि दोन्ही हात धरून ओढत चालवायचा तुझा तो कार्यक्रम बंद कर. तुझ्या पाठीला आराम पडेल.

आणि वॉकर आणू नकोस. मी थोरल्यासाठी हौसेनं आणला होता. चालायला तो त्यात काही शिकला नाही, टेबलावरचं मात्र सगळं खाली ओढायला शिकला. कॅनडात तर २००४ पासून असले बसायचे वॉकर विकायलाच बंदी आहे, इतकी मुलं त्यातून पायऱ्यांवरून पडली. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा. त्यात मूल बसत नाही, स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. माळ्यावर कुणाचा पडला असेल तर काढ, खिळे बाहेर आलेत का ते बघ, पुसून दे.

आता मुद्द्याचं. परवा तू विचारलंस, "आक्का, हिच्या मेंदूसाठी काय आणू?" कोल्हापूरच्या दुकानातली ती रंगीत, दिवे लागणारी, इंग्रजी गाणी म्हणणारी खेळणी तुझ्या डोक्यात आहेत, मला माहीत आहे. खरं सांगू का, काही आणू नकोस. त्यापेक्षा आपल्याच बेळगाव जिल्ह्यात काय झालं ते ऐक.

बेळगावचं केएलईचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज तुला माहीतच आहे. तिथल्या डॉक्टरांनी परदेशी विद्यापीठांच्या बरोबरीनं आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत एक काम केलं. तेच काम पाकिस्तानात आणि आफ्रिकेतल्या झांबियातही एकाच वेळी चाललं होतं. जन्मल्यावर जी बाळं रडली नाहीत, ज्यांचा श्वास सुरू करून द्यावा लागला, अशी बाळं त्यात घेतली आणि जोडीला सुखरूप जन्मलेलीही घेतली. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाच्या घरी दर पंधरा दिवसांनी एक शिकवून तयार केलेली बाई जायची आणि आईला बाळाच्या वयाजोगा एखादा खेळ दाखवायची. पुढची भेट होईपर्यंत आईनं तो रोज खेळायचा, बस. दुसऱ्या गटाकडंही बाई जायचीच, पण ती आहार, स्वच्छता, लसी यांचं सांगायची. तीन वर्षं हे असं चाललं. मुलं तीन वर्षांची झाल्यावर दोन्हीकडच्यांची समज तपासली, तर खेळवाली मुलं पुढं निघाली. अंतर काही आभाळाएवढं नव्हतं, पण नक्की होतं, आणि जन्मताना ज्यांच्या जिवाचं काही खरं नव्हतं त्या बाळांतही ते दिसलं. २०१३ साली हे छापून आलं. त्यानंतर आणखी एक गोष्ट कळली. ज्या घरांत भेटी आणि खेळ जास्त नेमानं झाले, तिथं फायदाही जास्त झाला.

आता बघ, पंधरा दिवसांतून एकदा येणारी बाई बाळाला किती शिकवणार? तिनं आईला दाखवलं, केलं सगळं आईनं. हुक्केरीकडची असेल, खानापूरकडची असेल, तुझ्यामाझ्यासारखीच असणार. तिलाही धुणं होतं, भाकऱ्या होत्या, तिच्याही सासूचं औषध होतं.

जमैकात तर हे आधीच झालंय. १९८६-८७ च्या सुमारास किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत, वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला जाऊन आईला असेच खेळ दाखवायच्या. दोन वर्षं. त्या मुलांना वीस वर्षांनी गाठून विचारलं, तर भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त भरली. म्हणून म्हणते, त्या दिवेवाल्या खेळण्याचे पैसे पोस्टात टाक.

"पण आक्का, मला वेळ कुठाय?" हे तू आता म्हणणार. वेगळा वेळ काढायचाच नाही गं. तू मेथी निवडायला बसतेस ना, तेव्हा तिला समोर बसव आणि दोन काड्या तिच्याही हातात दे. "ही बघ मेथी. कडू आहे. थू!" एवढं बोल आणि गप्प बस. हे गप्प बसणं आपल्याला जमत नाही. आपण बोलत सुटतो, तिला उत्तर द्यायला फटच ठेवत नाही. ती "ब्बा" म्हणेल, हात हलवेल, नाहीतर नुसती तुझ्याकडं बघेल. तेच तिचं उत्तर. मग तू परत काहीतरी म्हण. चेंडू तिच्याकडं टाकायचा आणि परत यायची वाट बघायची, असा हा खेळ आहे. दिवसभरात चार-सहा वेळा झाला तरी खूप झालं.

स्टीलचा डबा आणि त्याचं झाकण दे. आत दोन बटाटे टाक. काढेल, टाकेल, परत काढेल. तुला कंटाळा येईल, तिला येणार नाही. पदराआड तोंड लपवून "कुक" कर. वस्तू दिसेनाशी झाली तरी ती कुठंतरी असतेच, हे त्यातूनच तिला कळायला लागतं. कपड्यांच्या घड्या घालताना एक मोजा तिच्या डोक्यावर ठेव आणि "मोजा कुठाय?" म्हण. जेवताना पडलेलं शीत दोन बोटांच्या चिमटीत उचलायला बघते ना? उचलू दे. घर खरकटं होतं, कबूल आहे. माझ्या धाकटीच्या त्या वर्षात आमच्या स्वयंपाकघरातल्या मुंग्या चांगल्या अंगानं भरल्या होत्या.

हे सगळं मोबाईल करत नाही का? नाही करत. मोबाईल बोलतो, पण उत्तराची वाट बघत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असं आपले बालरोगतज्ज्ञही सांगतात. मुंबईच्या मावशीशी व्हिडिओवर बोलली तर बोलू दे, मावशी उत्तर देते. पण घास भरवताना गाणी लावून समोर ठेवायची सवय लागली असेल, तर ती याच आठवड्यात मोड. दोन दिवस रडेल, कमी खाईल. तिसऱ्या दिवशी भूक आपलं काम करते.

आता भाषेचं. आपल्याकडचा हा खास घोळ. घरात मराठी, गल्लीत कन्नड, दुकानात हिंदी आणि तुझ्या नवऱ्याला आत्तापासूनच 'ॲपल, बॉल'ची घाई. वर शेजारच्या काकू सांगून गेल्या की दोन-दोन भाषांनी मूल उशिरा बोलतं. तसं काही नसतं गं. सीमेवरची आपली पोरं पिढ्यान् पिढ्या दोन्हींत भांडत मोठी झाली, काही बिघडलं नाही. माझी धाकटी "हालु पायजे" म्हणत हिंडायची. शेजारच्या अज्जीकडून दूध मिळतं म्हटल्यावर दुधाचा शब्दही अज्जीचाच. मूल असं मिसळून बोलतं तेव्हा ते गोंधळलेलं नसतं, हाताशी असेल तो शब्द वापरतं. तिला किती शब्द येतात हे मोजायचंच झालं, तर दोन्ही भाषांतले मिळून मोज. तू मात्र तिच्याशी मराठीतच बोल, ज्या भाषेत तुला राग येतो आणि लाडही येतो त्या भाषेत. अज्जी कन्नडमध्ये बोलू देत. इंग्रजी शाळेत येईलच की, पळून जात नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. फक्त डाळीचं पाणी बंद कर. पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. डाळच घोट आणि चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये इतकी घट्ट दे. मऊ भात, त्यावर तूप, अंगावरचं दूध चालू, आणि दिवसातून तीन-चार वेळा असं खाणं. मधे एखादं केळं नाहीतर उकडलेलं रताळं. नाचणी आपल्याकडं घरोघरी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, मग त्या डब्यातल्या महागड्या पावडरी कशाला? अंडं खाणारं घर असेल तर रोज एक अंडं दे. नवा पदार्थ थुंकला म्हणून फुली मारू नकोस, पाच-दहा वेळा तोंडाला लागल्यावर मुलं घेतात.

चहा मात्र नाही. बशीतला घोटभरही नाही. मी थोरल्याला चहात बुडवलेलं बटर देऊन "बघा कसा खातोय" म्हणून पै-पाहुण्यांत मिरवायची, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझी अशी काही हजेरी घेतली की अजून बेकरीसमोरून जाताना कान गरम होतात. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि या वयात लोह कमी पडलं तर त्याचा परिणाम मेंदूपर्यंत जातो. आशाताई लोहाचं पातळ औषध देतात, आठवड्यातून दोनदा एक-एक मिली, ते फ्रिजमागं ठेवून विसरू नकोस. मध वर्षाच्या आत अजिबात नको, गुटीतसुद्धा नको. शेंगदाणे, फुटाणे अख्खे देऊ नकोस, घशात अडकतात. बेळगावहून कुणी कुंदा आणला तर तो तू खा.

आता जरा गंभीर बोलते, रागवू नकोस. तुमच्या सोप्यात सासूबाई आणि शेजारणी सूप घेऊन विड्या वळत बसतात आणि लेक तिथंच रांगते. मी त्या कामाला नावं ठेवत नाहीये. निपाणीच्या कितीतरी पोरींची शिक्षणं त्या सुपावर झालीत. १९८१ साली याच तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकरी रस्त्यावर उतरले होते, ते सासूबाईंनी तुला अभिमानानं सांगितलं असेल. पण तंबाखू हे विष आहे आणि तुझी लेक सध्या दिसेल ते तोंडात घालते. चिमूटभर जरी गिळली तरी लहान जिवाला बाधू शकते. अचानक ओकारी, लाळ, घाम, पांढरी पडणं, मलूल होणं, असं काही दिसलं तर घरी मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ आणि 'तंबाखू गिळली असेल' हे स्पष्ट सांग.

सुपाची जागा बदलता येते का बघ. मागच्या पडवीत, नाहीतर निदान उंच कट्ट्यावर. उठताना खालचा चुरा झाडून घ्यायचा, हात साबणानं धुवायचे, वरचं लुगडं झटकायचं आणि मगच नातीला घ्यायचं. सासूबाईंना तू सांगितलंस तर राग येईल, आशाताईंकडून वदवून घे. बाहेरच्या बाईचं आपल्या घरात जास्त चालतं.

आणि मिश्री. तू लावतेस, मला ठाऊक आहे, गप्प राहू नकोस. "दात घासायला तर लावते" हे मला सांगू नकोस, सकाळ-दुपार-संध्याकाळ दात कोण घासतं गं? मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्यांत बहुतेक मिश्रीवाल्याच होत्या, आणि त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आत्ताच सोड. सध्याही तंबाखूतलं निकोटिन अंगावरच्या दुधात उतरतं. म्हणून दूध तोडायचं नाही हं, मिश्री तोडायची. पहिला आठवडा डोकं दुखेल, चिडचिड होईल. नवऱ्याला आधीच सांगून ठेव, म्हणजे तो लांबून वावरेल.

आता, काळजी खरंच कशाची करायची तेही सांगते, नाहीतर म्हणशील आक्का सगळ्यालाच 'होईल गं' म्हणते. दहावा महिना सरत आला तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्ष झालं तरी एकटं चालत नाही. वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, नावानं हाक मारली तर वळत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही. वर्षाच्या आत एकच हात वापरतं, दुसरा तसाच पडून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, येत असलेलं अचानक बंद झालं, बोलत होतं ते थांबलं. यातलं काहीही दिसलं तर "आमच्या घरात सगळे उशिराच बोलतात" हे ऐकत वर्ष घालवायचं नाही. आधी कान तपासायचे, पुढचं पुढं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टर मंडळी अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात, गरज वाटली तर जिल्ह्याला पाठवतात. फुकट. डॉक्टर "थांबून बघू" म्हणाले तर "किती महिने थांबायचं?" हे विचारूनच उठ.

तुझी लेक यातल्या कशातच बसत नाही. बोट दाखवते, टाटा करते, माझ्या चष्म्यावर झडप घालते.

अंगणवाडीला मात्र जात जा. तिथं फक्त पाकिटं मिळतात असं तुला वाटतं. अगं, अंगणवाडी ही कल्पनाच आपल्या ताराबाई मोडकांची. १९४५ साली त्यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. वस्तीतली मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. सरकारची योजना १९७५ ची, नंतरची. तेव्हा हक्कानं जा, दर महिन्याला वजन कर. वजनाच्या आकड्यापेक्षा आलेखावरची रेघ वर चाललीय का ते बघ. दोन महिने ती आडवी पडली तर विचार. आई-बाळाचं ते तायी कार्ड कन्नडमध्ये आहे म्हणून कपाटात घडी घालून ठेवू नकोस, अंगणवाडीच्या बाईंकडून वाचून घे आणि लशींच्या तारखा कॅलेंडरवर मराठीत लिही. तुला परत कामावर जायचं असेल तर पंचायतीत 'कूसिन मने'बद्दल विचार. २०२३ साली कर्नाटक सरकारनं जाहीर केलेली गावातल्या पाळणाघरांची योजना आहे ती. तुमच्या गावात सुरू झालीय का, कुणाला घेतात, ते तिथं कळेल.

आणि तू? रात्री उगाच रडू येतं म्हणालीस ते मी विसरले नाही. बाळंतपणानंतर वर्षभरात हे खूप जणींना होतं, नाटक नसतं. दोन आठवड्यांच्या वर राहिलं, झोप लागेना, लेकीकडं बघावंसंच वाटेना, तर १४४१६ या नंबरवर फोन कर. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर मात्र दोन आठवडे मोजायचे नाहीत, त्याच घटकेला फोन कर, आणि मलाही कर, रात्री दोन वाजता असेल तरी. आणि नवऱ्याला रोज संध्याकाळी अर्धा तास लेक दे. तो तिला उलटं झबलं घालेल, घालू दे. तू तेवढ्यात अंघोळ कर, दार लावून, घाई न करता.

येत्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीतून आलीस की मला कळव. किलो नको सांगूस, रेघ वर गेली का तेवढं सांग. आणि सूप कुठं हलवलं तेही.